‘चा-चा-चा’ची कुळकथा

धाराशिव जिल्ह्यात येरमाळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर कळंब तालुक्यातील चोराखळी हे गाव लागते. आई येडेश्वरीच्या दर्शनास निघालेले कित्येक भाविक या वाटेने जातात, आणि याच गावच्या परिसरात लोकनाट्य कलाकेंद्रांच्या पाट्याही त्यांच्या दृष्टीस पडतात. आत ढोलकी, पेटी व घुंगरे यांच्या मेळात संगीत बारीची लावणी चालते, हे जिल्ह्यातील सुशिक्षित गृहस्थास चांगले ठाऊक असते. परंतु चारचौघांत तिचा उल्लेख करताना त्याचा आवाज आपोआप खाली येतो. तोच गृहस्थ, पुण्यास शिकावयास गेलेल्या आपल्या कन्येने ‘लॅटिन’ नृत्याचा वर्ग धरल्याचे वर्तमान मात्र मोठ्या हौसेने सांगतो. एका नाचाच्या वेळी आवाज खाली व दुसऱ्याच्या वेळी वर, हा भेद कलेच्या परीक्षणातून निघाला आहे की केवळ कुळाच्या समजुतीतून, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो. लावणीचे कुळ आपणांस ठाऊक आहे असे आपण धरून चालतो. त्या दुसऱ्या नाचाचे कुळ कोणी विचारीत नाही. ते येथे विचारावे असे योजिले आहे. ‘लॅटिन’ या एका नावाखाली अनेक नाच मोडतात. त्यांपैकी अत्यंत लोकप्रिय झालेला जो चा-चा-चा, त्याच्याच मागोव्याने जावयाचे आहे.

प्रथम या ‘लॅटिन’ शब्दाविषयी. व्हर्जिलाच्या भाषेशी या नाचांचा संबंध नाही हे सांगावयास नको. नृत्यस्पर्धांत या सदराखाली पाच नाच येतात: रुम्बा, साम्बा, चा-चा-चा, पासो दोब्ले आणि जाइव्ह. यांतील जाइव्ह हा उत्तर अमेरिकेतील निग्रो वस्त्यांतून आलेला, पासो दोब्लेचे संगीत स्पेनमधील बैलझुंजीच्या रिंगणातले, साम्बा ब्राझीलचा. क्यूबाचे असे म्हणावयाचे तर उरतात दोनच. म्हणजे हे नाव एखाद्या भूमीचे अथवा लोकांचे नसून, शिक्षकाने आपल्या सोयीसाठी फडताळाच्या एका कप्प्यावर डकविलेली ती चिठ्ठी आहे. आणि चिठ्ठी एकदा चिकटली की आतल्या वस्तूचे मूळ नाव कोणी वाचीत नाही.

चा-चा-चाची वंशावळ मात्र मोठी रंजक आहे. तिच्या मुळाशी आहे तो इंग्लंडातील खेडुतांचा समूहनाच. तो फ्रान्सच्या दरबारी गेला तेव्हा त्याला ‘कोंत्रदांस’ म्हणू लागले. तेथून तो स्पेनमार्गे क्यूबात उतरला. दुसऱ्या वाटेनेही तो तेथे पोहोचला. १७९१ साली हैतीतील गुलामांनी आपल्या फ्रेंच धन्यांविरुद्ध बंड उभारले, तेव्हा पळालेले मळेवाले आपल्याबरोबरच्या दासदासींसह क्यूबाच्या पूर्व किनाऱ्यास लागले, आणि त्यांच्या सामानसुमानात हा नाचही होता. दरबारी नाच वाजविण्याचे काम क्यूबात पडले ते बहुतांशी काळ्या व मिश्रवर्णी वादकांकडे. वाजविणाऱ्याच्या हाताला जी लय जन्मापासून ठाऊक, ती त्याच्या वाजविण्यात उतरल्यावाचून कशी राहणार? नाच धन्याचा राहिला, चाल मात्र हळूहळू चाकराची झाली.

अशा रीतीने घडलेला पहिला मोठा नाच म्हणजे ‘दान्सोन’. १ जानेवारी १८७९ रोजी मातान्सास शहरातील एका मंडळात मिगेल फाइल्दे या मिश्रवर्णी वादकाने आपला दान्सोन वाजविला, त्या दिवसापासून त्याची जन्मतिथी धरतात. या तारखेकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. क्यूबात गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८६ साली. म्हणजे हा नाच सभ्य मंडळांत रुजत होता तेव्हा त्याला जन्म देणाऱ्यांचे कित्येक जातबांधव अद्याप उसाच्या मळ्यांत दुसऱ्याची मालमत्ता म्हणून राबत होते. आणि तत्कालीन हवानाच्या प्रतिष्ठित वृत्तपत्रांतून दान्सोनवर आक्षेप आले ते कोणते? तो अश्लील आहे, आफ्रिकन आहे, घरंदाज मुलींनी तो नाचू नये! भोपळ्याच्या खाचांवरून काडी फिरवून खरखर काढणारे ‘ग्विरो’ हे साधे वाद्यही त्या टीकाकारांस रानटी वाटत होते. पुढे तोच दान्सोन क्यूबाचा राष्ट्रीय नाच म्हणून मिरविला गेला. आपल्याकडील लावणीविषयक वादविवाद ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे आक्षेप वाचताना, नावे तेवढी बदलली आहेत, असे वाटल्यास नवल नाही.

येथे ओघाने गोमंतकाची आठवण होते. युरोपातील हाच समूहनाच पोर्तुगिजांबरोबर गोव्यासही आला, आणि तेथील ख्रिस्ती जमीनदारांच्या प्रशस्त दिवाणखान्यांत एकोणिसाव्या शतकात जो मांडो बहरला त्याच्या समोरासमोरच्या रांगांत या पाहुण्याची छाया स्पष्ट दिसते. स्त्रियांच्या हाती पंखा, पुरुषांच्या हाती रुमाल, कोकणी शब्द, संथ व विरहव्याकूळ स्वर. मांडो हा फार सुंदर प्रकार आहे, यात संशय नाही. परंतु तो वरच्या दिवाणखान्यातच जन्मला व बहुतांशी तेथेच राहिला; म्हणून त्याला प्रतिष्ठेसाठी भांडावे लागले नाही, आणि म्हणूनच कदाचित तो जगभर हिंडलाही नाही.

आता प्रत्यक्ष चा-चा-चाकडे वळू. दान्सोनच्या शेवटच्या भागात मोकळे, तालाला आडवे-तिडवे छेद देणारे वादन घालण्याची टूम आर्कान्यो या बासरीवाल्याच्या वाद्यवृंदात निघाली. १९३८ साली त्याच वृंदातील ओरेस्तेस लोपेसने रचलेल्या अशा एका दान्सोनचे नाव होते ‘माम्बो’. पुढे पेरेस प्रादोने मेक्सिकोत राहून त्याच नावाने तुताऱ्यांचा असा काही गजर उठविला की १९५० च्या सुमारास दोन्ही अमेरिका माम्बोने वेड्या झाल्या. ऐकावयास बहारीचा, पण नाचावयास अवघड. ठोका एकीकडे, सूर दुसरीकडे. सरावलेला नर्तक तेवढा निभावून नेई, बाकीचे गोंधळत.

हा गोंधळ एका व्हायोलिनवाल्याने मंचावरून पाहिला. त्याचे नाव एन्रिके होर्रीन. १९२६ चा जन्म, कांदेलारिया गावचा. आर्कान्योच्या वृंदात उमेदवारी करून तो ‘ओर्केस्ता आमेरिका’ या वृंदात आला होता. वाजविणाऱ्याची नजर बहुधा आपल्या वाद्यावर असते, फार तर श्रोत्यांच्या चेहऱ्यावर. होर्रीनची नजर लोकांच्या पावलांवर होती. लोक कोठे अडखळतात हे पाहून त्याने सुरावट ठोक्यावर आणून बसविली, आडवे छेद कमी केले, गायकांना एका सुरात गावयास लावले. चाल सोपी झाली, पावलांना विसावा मिळाला. आणि त्या मोकळ्या जागेत नाचणाऱ्यांनी आपण होऊन तीन लहान पावले घासत टाकावयास सुरुवात केली. चामड्याचे तळवे फरशीवर घासले की जो आवाज निघतो तोच या नाचाचे नाव झाला, अशी होर्रीनची स्वतःची हकीकत आहे. १९५३ साली त्याच्या ‘ला एंगान्यादोरा’ या गीताची ध्वनिमुद्रिका निघाली. शीर्षकाचा अर्थ ‘फसविणारी’. हवानाच्या एका गजबजलेल्या चौकातून जाणाऱ्या एका ठसठशीत स्त्रीकडे सगळे पुरुष माना वळवून पाहतात, आणि शेवटी कळते की तो डौल तिचा नव्हे, कपड्याखालच्या गाद्यांचा! विनोद बेताचाच आहे. आमच्या सवालजबाबातील फटक्यांपुढे तो अगदीच गुळमुळीत ठरेल. पण गाणे घरोघर गेले.

होर्रीनच्या या कृतीचे मर्म आम्हांस फार मोलाचे वाटते. कला अवघड करून दाखविणारे पुष्कळ असतात, आणि त्यांना टाळ्याही पुष्कळ मिळतात. आपल्या कलेतील जो भाग सामान्य माणसाला बाहेर ठेवतो तो ओळखून काढून टाकणे, आणि तरीही तिचा डौल न जाऊ देणे, हे क्वचित कोणास साधते. चा-चा-चा हा अडखळणाऱ्या पावलांवर दया करून निघालेला नाच आहे. आणि गंमत अशी की त्याचे नाव वादकाने ठेविले नाही, ते त्या पावलांनीच ठेविले.

यानंतर जे झाले ते याच्या नेमके उलट. लंडनमध्ये पिएर नावाने प्रसिद्ध असलेला एक नृत्यशिक्षक होता. त्याची सहकारी डॉरिस लाव्हेल. १९५२ साली तो क्यूबास गेला, लोक कसे नाचतात हे त्याने बारकाईने पाहिले, आणि परत येऊन ते शिकवावयास प्रारंभ केला. त्याच्या कष्टाळूपणाविषयी आम्हांस आदरच आहे. क्यूबातील नाच तेथल्या लोकांप्रमाणेच नाचला पाहिजे या आग्रहापायी त्याने आपल्या व्यवसायबंधूंशी वर्षानुवर्षे वाद घातला. परंतु शिक्षणसंस्थांच्या हाती पडल्यावर नाचाचे जे होते ते झालेच. पावलांचे मोजमाप ठरले. ‘दोन, तीन, चार-आणि-एक’ अशी गिनती ठरली. परीक्षा, पदके व प्रमाणपत्रे ठरली. हालचालींना नावे दिली गेली, आणि आज जगभरच्या वर्गांतून शिकविल्या जाणाऱ्या या क्यूबन नाचातील एका हालचालीचे नाव आहे ‘न्यूयॉर्क’ व दुसरीचे ‘हॉकी स्टिक’! जो नाच अडखळणाऱ्यांसाठी जन्मला तो आता असा झाला आहे की, अडखळणाऱ्यास त्यात गुण मिळत नाहीत. होर्रीनचे नाव तर त्या वर्गांतून क्वचितच ऐकू येते. आपली मुलगी जे शिकते ते क्यूबातील काळ्या व गोऱ्या गरिबांच्या पायांचे उत्पन्न आहे, ही गोष्ट तिच्या पित्यास कळली तर त्याचा आवाज कोणत्या पट्टीत राहील, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोपवितो.

हा नाच आपल्याकडे आला तो मात्र वर्गातून नव्हे, सिनेमातून. आणि तेथे त्याचे नाव येण्यापूर्वीच त्याच्या भाऊबंदांची लय आली होती. मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत वाजविणारे गोमंतकीय वादक स्वरलेखन जाणत. रुम्बा, साम्बा वाजविण्याचा त्यांना रोजचा सराव होता. आणि दिवसा हेच वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणास जात. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनी या वादकांचे मोल ओळखले. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले तुतारीवाले आन्तोनियो झेवियर वाझ हे त्यांच्या सोबतीस होते. १९५१ च्या ‘अलबेला’त या मेळाचे फळ दिसते. बाँगो व माराकास यांच्याशेजारी आपली ढोलक अशी काही बसली आहे की कोण यजमान व कोण पाहुणा हे ओळखू येऊ नये. आणि त्यावर नाचणारे कोण? गिरणी कामगाराचे चिरंजीव भगवान आबाजी पालव. स्थूल देह, आखूड हातवारे, जागच्या जागी डुलणारी पावले. रसिकांनी त्यांच्या नाचाला नाके मुरडली असतील. पण त्यानंतर गणपतीच्या मिरवणुकीत व लग्नाच्या वरातीत पिढ्यान्‌पिढ्या जे नाचले ते कोणाचे पाहून नाचले? ज्याला नाचता येत नाही त्यालाही नाचावेसे वाटावे हा गुण भगवानदादांच्या पावलात होता. होर्रीन त्यांना भेटता तर दोघांचे चांगले जमते, असे आम्हांस राहून राहून वाटते.

चा-चा-चाच इकडे विशेष रुचला याची दोन कारणे आम्हांस दिसतात. एक तालाचे: त्याचे चार ठोके आपल्या केरव्याच्या आठ मात्रांत सहज सामावतात, कानाला काही परके लागत नाही. दुसरे कारण शिष्टाचाराचे. टँगो किंवा वॉल्ट्झ यांत जोडप्याने एकमेकांस धरूनच नाचावे लागते. चा-चा-चात पुष्कळदा हात सोडून, समोरासमोर अंतर राखून नाचता येते. आपल्या प्रेक्षकाला नायक-नायिकेत जेवढे अंतर हवे होते, नेमके तेवढेच!

या नाचाचे नाव मिरविणारा हिंदी चित्रपट ‘चा चा चा’ १९६४ साली निघाला, आणि येथे गोष्ट पुन्हा कळंबच्या जवळ येते. दिग्दर्शक व नायक चंद्रशेखर आणि संगीतकार इक्बाल कुरेशी हे दोघेही जुन्या हैदराबाद संस्थानच्या मुलखातले. कळंबही सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होते. जिल्ह्यास निजामाचे नाव होते ते बदलून अधिकृतपणे धाराशिव झाले २०२३ साली. शिवाय या चित्रपटात मख्दूम मोहिउद्दीन यांची ‘चारागर’ ही कविता आहे. मख्दूम हे तेलंगणातील लढ्याचे साम्यवादी पुढारी व उर्दूचे थोर कवी. त्यांचा जन्म १९०८ साली तेव्हाच्या मेदक जिल्ह्यातील अंदोल येथे झाला. बालाघाटात उगम पावून कळंबजवळून वाहणारी मांजरा पुढे त्याच मेदकच्या मुलखातून गोदावरीकडे जाते.

चित्रपट म्हणून ‘चा चा चा’ची योग्यता फार मोठी आहे असे आम्ही म्हणणार नाही. नृत्यांगना म्हणून एकेका गाण्यापुरतीच बोलाविली जाणारी हेलन येथे नायिका झाली आहे, ही गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. परंतु नावात नाच व जाहिरातीत नाच असलेल्या या चित्रपटातून आज लोकांच्या स्मरणात काय उरले आहे, तर आशा भोसले व महंमद रफी यांनी गायिलेली ती कविता. प्रीतीच्या आगीत जळून गेलेल्या दोन जिवांची ती करुण हकीकत असून, शेवटी कवी वैद्यालाच विचारतो की, तुझ्या पोतडीत यावर काही औषध आहे काय? परक्या नाचाच्या मांडवात घरची कविता शिरली आणि मांडव तिचाच झाला. हे असे का व्हावे? आमच्या मते, नाच त्या चित्रपटात केवळ वेष म्हणून आला होता. त्याची लय घेतली, नाव घेतले. ज्या दयेतून व ज्या दैन्यातून तो निघाला त्याची वार्ता कोणाला नव्हती. मख्दूमच्या शब्दांमागे मात्र एक अख्खा मुलूख उभा होता. त्यांच्या समग्र कवितासंग्रहाचे नाव ‘बिसात-ए-रक्स’, म्हणजे नृत्याची बिछायत, असे आहे, आणि त्यास १९६९ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, हाही एक योगायोग नोंदवून ठेवावयास हरकत नाही.

आता घरच्या नाचाकडे परत येऊ. लावणीच्या बाबतीत आपण फार चमत्कारिक वाटणी करून ठेविली आहे. तिचे शब्द आपण घेतले, शरीर टाकून दिले. राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ यांच्या रचना विद्यापीठांत अभ्यासल्या जातात, म. वा. धोंडांसारख्या मर्मज्ञाने ‘मऱ्हाटी लावणी’वर ग्रंथ लिहिला. हे सर्व योग्यच झाले. पण शाहीर शेवटच्या कडव्यात आपले नाव गोवून गेला म्हणून त्याचे नाव राहिले. ती लावणी बैठकीत बसून, एकाच ओळीवर नजरेचे, भिवईचे व बोटांचे दहा अर्थ उभे करणारीचे नाव कोठे राहिले? तिला ओळ गोवण्याची सोय नव्हती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांच्या मंत्रिमंडळाने तमाशावर बंदी घातली, तेव्हा पुढे दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून त्याच्या सुधारणेचा विचार झाला. त्या विचाराचा भर संहितेवर व सभ्यतेवर होता, नाचाच्या शास्त्रावर नव्हे. वाईच्या यमुनाबाई वाईकरांना पद्मश्री मिळाली ती २०१२ साली, त्यांच्या वयाची नव्वदी केव्हाच उलटून गेल्यावर.

कोणी म्हणेल, बारीच्या बैठकीत जी दौलतजादा चालते, जो व्यवहार होतो, त्याकडे तुम्ही डोळेझाक करता. आम्ही डोळेझाक करीत नाही. तेथील स्त्रियांच्या वाट्यास येणारे कष्ट व अवहेलना कोणत्याही कलाप्रेमाने झाकाव्यात अशा नाहीत, आणि जेथे अन्याय असेल तेथे कायद्याने चालावे हे उघड आहे. पण हवानाची नृत्यगृहे काय देवालये होती? १९५९ च्या क्रांतीपूर्वी तेथील जुगारखाने व रंगमहाल अमेरिकन पैशावर चालत, हे जगजाहीर आहे. त्या हवेतून आलेला नाच लंडनच्या शिक्षकाने धुऊन, इस्त्री करून दिला म्हणून आपण तो घरात घेतो. व्यवहार वाईट म्हणून कला वाईट, हा न्याय लावावयाचा तर दोघींनाही लावावा.

लंडनच्या त्या शिक्षकाकडून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे, पण ती मोठी आहे. तो गेला, त्याने पाहिले, विचारले आणि लिहून ठेविले. म्हणूनच क्यूबाचे पाऊल पुण्याच्या वर्गात शिकता येते. संगीत बारीतील अदाकारीचे असे काही लेखन आहे काय? कोणत्या ओळीस कोणती नजर, ढोलकीच्या कोणत्या तोड्यावर कोणता पदन्यास, हे आजही गुरूच्या देहातून शिष्येच्या देहात जाते, आणि एक म्हातारी गेली की एक पोथी जळते. मराठीचे प्राध्यापक हस्तलिखितांच्या शोधात तंजावरापर्यंत जातात. कळंबहून चोराखळी काही तंजावराइतकी दूर नाही. तेथे वही घेऊन बसणाऱ्याने लंडनकराची एक चूक तेवढी टाळावी. हालचालींना नावे आपण देऊ नयेत. बारीतल्या बायकांपाशी त्यांची स्वतःची नावे असणारच. ती विचारून घ्यावीत, आणि पहिल्या पानावर जिने ती सांगितली तिचे नाव घालावे.